चोवीस तासांत पोचतो!

ज्या घरातलं मूल परदेशी गेलंय, त्या घरात एक वाक्य कायम मुक्कामाला असतं. "आई, तू काळजी करू नकोस, काही झालं तर चोवीस तासांत पोचतो." मुलगा म्हणतो, मुलगी म्हणते, कधी सून म्हणते. आणि आपण ते शेजारणीला अभिमानाने सांगतो, "अहो, आता काय, चोवीस तासांत माणूस अमेरिकेहून दारात!"

मैत्रिणींनो, हे वाक्य वरवर साधं वाटतं, पण त्याच्या भरवशावर आपल्या घरांत केवढे निर्णय उभे आहेत बघा. गुडघ्याचं ऑपरेशन "तो आला की करू" म्हणून पुढे ढकललेलं असतं. बँकेच्या लॉकरची दुसरी किल्ली कुणाकडे हे ठरलेलं नसतं. रात्री छातीत दुखलं तर पहिला फोन कुणाला करायचा, याचं उत्तर "लेकाला" एवढंच असतं. म्हणून हे चोवीस तास एकदा हिशेबाला घेऊया. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी आपण हिशेब करतो, मग या वाक्याचा का नाही?

आधी सोपं गणित. मुंबईचा विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ, सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. मोठ्या विमानाचा वेग ताशी साधारण नऊशे किलोमीटर. भागाकार केला की उत्तर येतं पंधरा तास. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार, म्हणजे चौदा तास. मग चोवीस तासांत पोचायला हरकत काय?

हरकत अशी की 'सरळ अंतर' ही चीजच वेगळी आहे. घरात मोसंबं असेल तर हातात घ्या. देठाची जागा म्हणजे उत्तर ध्रुव समजा. एका बाजूला, मधल्या पट्ट्याच्या थोडं वर, मुंबईची टाचणी टोचा. दुसरी टाचणी जवळजवळ पाठीमागच्या बाजूला, थोडी आणखी वर, ती सॅन फ्रान्सिस्को. आता दोन्हींमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आडवा जाणार नाही, देठाजवळून वर चढून पलीकडे उतरेल. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका आपल्या डावीकडे दिसते, म्हणून आपल्याला वाटतं विमान पश्चिमेला जात असणार. पण कॅलिफोर्नियाची सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने आहे. सरळ अंतर म्हणजे हा ताणलेला दोरा. विमान मात्र त्या दोऱ्यावरून क्वचितच जातं. त्याला दोन गोष्टी अडवतात, एक वारा आणि दुसरी माणसं.

वाऱ्याचं आधी सांगते, कारण तो बिचारा राजकारण करत नाही. पृथ्वीच्या उत्तर भागात, विमानं जिथून उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना समोरून वारा आणि वेळ सुमारे सोळा तास, तर येताना पाठीवर वारा आणि दीड-दोन तासांची बचत. सायकलवर बाजाराला जाऊन आलेल्या कुणालाही हे कळेल.

याचं मजेदार उदाहरण 2016 च्या ऑक्टोबरमधलं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर युरोपवरून, अटलांटिक महासागरावरून जायचं. ती वाट होती सुमारे 13,900 किलोमीटरची. त्या महिन्यात विमान उलट्या दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेलं. वाट झाली सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! वारा पाठीशी होता ना. थोडक्यात काय, किलोमीटर वाढले म्हणून वेळ वाढतोच असं नाही, आणि किलोमीटर तेवढेच राहिले म्हणून वेळ तेवढाच राहील असंही नाही.

आपल्या पुरवणीत एक आठवण काढायलाच हवी. जानेवारी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला थेट विमान आलं, ते उत्तर ध्रुवावरून. त्याचं सारथ्य करणाऱ्या चारही वैमानिक बायका होत्या: कॅप्टन झोया अगरवाल, कॅप्टन पापागरी थन्मई, कॅप्टन आकांक्षा सोनावरे आणि कॅप्टन शिवानी मन्हास. या दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर, पण त्यांच्या या वाटेचं अंतर सोळा हजारांच्या घरात सांगितलं गेलं. सतरा तासांच्या आसपासचा प्रवास. अशा वाटेवर थंडीने इंधन गोठणार नाही ना, मध्येच कुणी आजारी पडलं तर उतरायला विमानतळ कुठे, याचा विचार निघायच्या आधीच करून ठेवावा लागतो. चार बायकांनी तो केला. आपणही घरबसल्या तेच करायचंय, ते पुढे सांगते.

आता माणसांचं. आकाश मोकळं असतं असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही बरं का. 1944 साली शिकागोला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पहिल्याच कलमात लिहिलंय की प्रत्येक देशाचा त्याच्या जमिनीवरच्या आकाशावर पूर्ण हक्क आहे. वरून जायचं तर परवानगी लागते आणि टोलनाक्यासारखे पैसेही द्यावे लागतात. शेजाऱ्याशी भांडण झालं की त्याच्या अंगणातून जाणारी पायवाट बंद होते, तसंच हे.

फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेवढ्या काळात एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचं तेव्हाचे मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितलं. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं, 30 एप्रिलला आपणही त्यांना लावलं आणि दर महिन्याला मुदत वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान आधी खाली गुजरातकडे यायचं, अरबी समुद्रावर जायचं, मग मस्कतच्या बाजूने वर चढायचं. दिल्ली-वॉशिंग्टन विमानाला इंधन भरायला व्हिएन्नात थांबावं लागायचं. ही बंदी वर्षभर चालली तर सुमारे 59 कोटी डॉलरचा भार पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या. शेवटी 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली गेली. कारणं दोन दिली होती: दुरुस्तीसाठी काही विमानं बाजूला काढावी लागणार, आणि पाकिस्तानचं बंद आकाश.

मुंबईवाल्यांना याची झळ कमी लागली, कारण आपल्या दारातच समुद्र आहे. पण वळसा कुणाचाही असो, जास्तीचं इंधन भरलं की वजन वाढतं, मग माणसं नाहीतर सामान कमी घ्यावं लागतं. खर्च वाढतो. तो तिकिटात येतो, आणि तिकीट आपल्या लेकरांच्या खिशातून जातं.

दुसरं दार रशियाचं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस, रशियाने युरोपातल्या देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पाठोपाठ अमेरिकेच्या विमानांचाही तो रस्ता बंद झाला. फिनलंडच्या हेलसिंकीहून जपानला नऊ तासांत जाणाऱ्या विमानाला उत्तर ध्रुवावरून तेरा तास लागू लागले. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने मार्च 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नुअर्क-मुंबई ही विमानं थांबवली. म्हणजे युद्ध युक्रेनमध्ये, आणि मुंबईहून न्यू जर्सीला मुलीकडे जाणाऱ्या आईचं एक थेट विमान गेलं!

भारतीय विमानांना रशियावरून जायला मनाई नव्हती. पण त्या वाटेचीही एक गंमत, खरं तर धास्ती, 6 जून 2023 ला निघालेल्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाने दाखवली. इंजिनात बिघाड झाल्यामुळे ते रशियाच्या पूर्व टोकाला मगदान नावाच्या गावी उतरलं. 216 प्रवासी, 16 कर्मचारी. लहान गाव, एवढ्या माणसांना पुरतील अशी हॉटेलं नाहीत, तेव्हा काही जणांना शाळेत गाद्या टाकून झोपावं लागलं. मुंबईहून दुसरं विमान जाऊन त्यांना पुढे नेईपर्यंत दोन दिवस गेले. कुणाच्या जिवाला काही झालं नाही, हे महत्त्वाचं. पण सोळा तासांच्या प्रवासाचे तीन दिवस कसे होतात, ते कळलं.

तिसरं दार आखातातलं. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं दुबई, दोहा, अबुधाबी करत येतात, कारण तिकीट स्वस्त पडतं. 13 जून 2025 ला इस्रायल-इराण युद्ध पेटलं आणि इराण, इराक, जॉर्डनचं आकाश बंद झालं. 23 जूनला कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं आणि दोह्याला निघालेली विमानं वाटेतून वळवावी लागली. बंद काही तासांचं, पण चुकलेली पुढची विमानं आणि विमानतळावर साचलेली माणसं, याचा गुंता सुटायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

इथवर नुसतं आकाशाचं झालं. जमिनीवरचं अंतर राहिलंच. समजा, कराडच्या एका घरातून रात्री अकराला फोन गेला. मुलगा न्यूयॉर्कला. तिथे दुपारचा दीड (उन्हाळ्यात, थंडीत त्यांची घड्याळं एक तास मागे जातात). ऑफिसात सांगणं, पासपोर्ट शोधणं, तिकीट काढणं, तीन तास आधी विमानतळावर पोचणं. त्याच रात्री नऊचं थेट मुंबईचं विमान मिळालं असं धरू. साडेसात तास इथेच गेले. विमानात चौदा. मुंबईला शिक्के आणि सामान यात दीड. मग कराडपर्यंत गाडीने सहा-सात तास. झाले तीस. मुलगा कॅलिफोर्नियात असेल आणि मध्ये एक विमान बदलावं लागलं, तर चाळीसच्या खाली येणं कठीण. हे सगळं सुरळीत झालं तर हं! त्यात विमानात जागा मिळणं आलं, तिकिटाला पैसे असणं आलं, आणि आकाश उघडं असणं आलं.

आणि एक अंतर असं आहे की ते कुठल्याच नकाशात नाही. ते म्हणजे व्हिसा. 19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. दोन दिवसांत अंमल. देशाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना काही कंपन्यांनी ताबडतोब परत या म्हणून सांगितलं. हे आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला, पण तोवर आई-वडिलांना भेटायला आलेल्या किती जणांनी अर्धवट जेवण टाकून विमानतळ गाठला असेल! मग डिसेंबर 2025 मध्ये भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी व्हिसाच्या शिक्क्यासाठी दिलेल्या कितीतरी तारखा पुढच्या वर्षात ढकलल्या. वडिलांच्या आजारपणासाठी आलेला मुलगा इथेच अडकला, नोकरी तिकडे. हे एकदा घडलं की पुढच्या वेळी विमानात बसण्यापूर्वी तो दहा वेळा विचार करतो. त्याला दगडाच्या काळजाचा म्हणू नका. त्याच्या दाराशीही पहारा आहे.

आपण तिकडे जावं, तर तेही सोपं राहिलेलं नाही. सप्टेंबर 2025 पासून एकोणऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांनाही पर्यटक व्हिसासाठी मुलाखत सर्वसाधारणपणे द्यावीच लागते. पूर्वी या वयाला सूट होती.

मग या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? माझ्या मते एकच. दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये छापलेलं असतं, पण ते मोजलं जातं परवानग्यांमध्ये. या परवानग्या आपल्या हातात नाहीत, मुलांच्याही नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुलं गेली तेव्हा जग जवळ येत चाललंय असं सगळेच म्हणत होते. विमानं मोठी होत होती, थेट सेवा वाढत होत्या. त्या काळात दिलेलं हे चोवीस तासांचं वचन आहे. वचन देणाऱ्याची नियत खरीच होती. पण 2019 पासून बघा, एकामागून एक दारं लागतायत, काही उघडतायत, पुन्हा लागतायत. अशा काळात जुनं वचन तसंच धरून बसणं मला धोक्याचं वाटतं.

यातला सगळ्यात मोठा धोका बायकांच्या वाट्याला येतो, हेही बोललं पाहिजे. नवरा आधी गेला की मागे राहते ती एकटी बाई. तिने सही करायची नाही, तिने निर्णय घ्यायचा नाही, लेक येईपर्यंत थांबायचं, ही आपल्याकडची रीत. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ऑपरेशनच्या कागदावर कोण सही करणार? आणि ती म्हणते, मुलगा निघालाय. तो चाळीस तासांवर असतो, आणि डॉक्टरांकडे चार तास असतात.

अंत्यविधीचंही तेच. शीतपेटी आणून दोन-दोन दिवस वाट बघायची, कारण अग्नी मुलानेच द्यायचा. घरात मुलगी असते, पुतणी असते, आयुष्यभर औषधं आणून देणारी सून असते. पण नजर दाराकडे. विमान रद्द झालं की सगळ्यांचे हाल, आणि त्या मुलाच्या मनाला आयुष्यभराची टोचणी. ज्यांना थांबायचं त्यांनी जरूर थांबावं. पण "अमुक तासांपेक्षा जास्त थांबू नका, विधी अमुक करेल", हे जिच्या घरातलं आहे तिनेच धडधाकट असताना सांगून ठेवलं, तर मागच्यांवर केवढे उपकार होतील!

त्या चार वैमानिक बायकांचं म्हणून सांगत होते. वाटेत उतरायचं झालं तर कुठे, हे त्या उडायच्या आधी ठरवतात. आपणही ठरवावं. पहिल्या चार तासांत कोण येणार? शेजारची काकू, भाचा, भिशीतली मैत्रीण, कुणीही असो, पण नाव ठरलेलं असावं आणि त्या माणसाला ते माहीत असावं. दवाखान्यात सही कोण करणार हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं. विम्याचे कागद, आधार कार्ड, औषधांची यादी एका पिशवीत, आणि ती पिशवी कुठे आहे हे निदान दोघांना ठाऊक. बँकेच्या खात्यावर वारसाचं नाव. आणि तो येईल तेव्हा करू म्हणून ठेवलेली ऑपरेशनं डॉक्टरांना विचारून वेळेत उरकावीत. मुलगा नंतर आला तरी चालतो, गुडघा थांबत नाही.

आपण प्रवासाला निघणार असाल तर स्वस्ताच्या मोहात दोन वेगळी तिकिटं जोडू नका. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असला की एक विमान चुकल्यावर पुढे पोचवण्याची जबाबदारी सहसा कंपनीवर राहते. औषधं हातातल्या पिशवीत, चार दिवस जास्तीची. तो वळसा कधी कुणाच्या नशिबी येईल, सांगता येत नाही.

आणि हो, बातम्या बघताना "हे कुठलं इराण आणि कुठलं युक्रेन, आपल्याला काय त्याचं" असं म्हणून चॅनल बदलू नका. ज्या आकाशाची ती बातमी आहे, त्याखालून तुमच्या नातवंडांचा रस्ता जातो.

पुढच्या रविवारी फोन येईल तेव्हा हे बोलून बघा. रागाने नको, रडूनही नको. "बाळा, तू चोवीस तासांत पोचशील असं धरून मी बसलेले नाही. तू येईपर्यंत काय करायचं ते मी ठरवलंय, लिहून घे." पलीकडे क्षणभर शांतता होईल. मग बहुधा एक सुटकेचा श्वास ऐकू येईल, कारण त्या वचनाचं ओझं तोही इतकी वर्षं वाहतोय.